स्वस्त स्मार्ट प्रोजेक्टर: खोक्यावरचा आकडा आणि भिंतीवरचा उजेड

खोक्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत छापलेल्या असतात: १२,००० ल्युमेन, ४के सपोर्ट, २०० इंच, अँड्रॉइड. किंमत दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भडक रंगांच्या निवडक व्हिडिओवर चित्र झकास दिसते. घरी आणून हॉलमध्ये लावला की तेच चित्र फिकट, धुवट आणि कोपऱ्यांना पुसट दिसते. यंत्र बहुधा बिघडलेले नसते. ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप, आणि १२,००० हा फार तर आतल्या दिव्याचा आकडा आहे; ४के म्हणजे आत घेता येणारा सिग्नल, आणि २०० इंच म्हणजे भिंत तेवढी मोठी असेल तर ताणता येणारे चित्र. तुमच्या भिंतीवर प्रत्यक्षात किती उजेड पडणार हा आकडा खोक्यावर शोधावा लागतो आणि पुष्कळदा तो नसतोच. तो घरच्या घरी कसा काढायचा, आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हे यंत्र ठेवायचे तर आणखी काय पाहायचे, ते इथे दिले आहे.

उजेड वाटेत कुठे जातो

या किमतीतले बहुतेक प्रोजेक्टर 'सिंगल एलसीडी' जातीचे असतात. आत एक पांढरी एलईडी, तिच्यापुढे उष्णता अडवणारी काच, मग गोलगोल खाचा असलेले प्लास्टिकचे सपाट फ्रेनेल भिंग, मग मोबाइलच्या पडद्यासारखी एक एलसीडी काच, पुन्हा एक फ्रेनेल, बहुधा एक आरसा आणि शेवटी बाहेरून दिसणारे मोठे भिंग. एलसीडीच्या दोन्ही अंगांना पोलरायझरची पटले असतात, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळण्या. त्यातले पहिलेच निम्म्याच्या आसपास प्रकाश गिळते. उरलेल्यातला साधारण एक तृतीयांश लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणांतून पुढे जातो. भिंगांच्या कडांना सांडतो तो वेगळाच. भिंतीवर पोचतो तो एलईडीच्या प्रकाशाचा अगदी थोडा वाटा. बाकीच्याची उष्णता होते, आणि ती त्याच छोट्या डब्यात होते. पंखा एवढा घोंघावतो तो त्यामुळे, आणि पुढे दोन वर्षांनी चित्राच्या मधोमध पिवळा डाग उठतो तोही त्यामुळेच.

खोक्यावरच्या ल्युमेनचा खरेखोटेपणा तपासायला मागच्या लेबलवरचे वॅट पाहा. पांढऱ्या एलईडीतून एका वॅटला साधारण १०० ते १५० ल्युमेन निघतात. प्लगमधून ६० वॅट घेणाऱ्या यंत्रात पंखा, स्पीकर, प्रोसेसर यांना काहीच लागत नाही असे धरले, तरी दिव्यापाशीच ९,००० च्या वर जाता येत नाही. बाहेर पडणारा उजेड या जातीत वॅटमागे ३ ते ५ ल्युमेन धरून चालावे. ६० वॅटच्या यंत्राकडून २०० ते ३०० ची अपेक्षा रास्त आहे. त्याच्या खोक्यावर १२,००० लिहिले असेल, तर त्या खोक्यावरचे बाकीचे आकडेही तेवढ्याच संशयाने वाचावेत.

तुलना करायची ती 'ॲन्सी ल्युमेन' या आकड्याची. अमेरिकेच्या मानक संस्थेने ठरवलेली ही पद्धत आहे: पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. 'आयएसओ २१११८' हे आंतरराष्ट्रीय मानकही याच वळणाचे आहे. नुसते 'ल्युमेन', 'एलईडी ल्युमेन' किंवा 'लाइट सोर्स ल्युमेन' असे लिहिले असेल तर तो भिंतीवरचा आकडा नव्हे.

किती इंचाला किती उजेड पुरतो

इंच हे चित्राच्या कर्णाचे माप. १६:९ प्रमाणात चित्राची रुंदी सेंटिमीटरमध्ये हवी तर इंचांना २.२१ ने गुणा. ६० इंच म्हणजे १३३ सेंटिमीटर रुंद आणि ७५ उंच, क्षेत्रफळ जवळपास १ चौरस मीटर. ८० इंचाचे १.७६ चौरस मीटर, १०० इंचाचे २.७६, १२० इंचाचे जवळपास ४. इंच दुप्पट केले की क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. दुकानात ५० इंचावर दाखवलेले चित्र घरी १०० इंचावर का मरगळते, याचे उत्तर एवढेच.

डिजिटल सिनेमाच्या थिएटरमध्ये पडद्याची चकाकी ४८ निट ठेवतात (निट हे पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचे माप). पूर्ण अंधारात डोळ्याला तेवढी भरपूर होते. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर ती गाठायला ६० इंचाला सुमारे १५० खरे ल्युमेन लागतात, ८० इंचाला २६५, १०० इंचाला ४१५ आणि १२० इंचाला ६००. २०० ल्युमेनचा प्रोजेक्टर १०० इंचावर २३ निट देतो. रात्री दिवे मालवून बघायला हे चालते, पण चित्र मंद दिसते. साधा घरगुती टीव्ही २५० ते ३०० निटचा असतो. दिवसाउजेडी दोघांची तुलना करूच नये.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. प्रोजेक्टर काळा रंग 'टाकू' शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे त्या वेळी भिंत जितकी उजळ असेल तितका. २०० ल्युमेन १०० इंचावर पसरले की भिंतीवर ७२ लक्स पडतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). ट्यूबलाइटमुळे भिंतीवर आधीच १०० लक्स असतील, तर पांढरा भाग १७२ आणि काळा भाग १००. दोहोंत दुपटीचाही फरक नाही, म्हणून चित्र धुवट. ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक मंद दिवा ठेवला आणि भिंतीवर ५ लक्स उरले, की प्रमाण पंधरा पट होते. खिडकीला जाड पडदा लावण्याचा खर्च महागडा प्रोजेक्टर घेण्याच्या खर्चाहून पुष्कळ कमी असतो आणि फरक त्याहून मोठा पडतो. कौलारू घरात मधूनमधून काचेची कौले बसवलेली असतात. दुपारी त्यांतून येणारा उजेड थेट भिंतीवर सांडतो. दिवसा बघायचे असेल तर आतून त्यांना झाकण करावे लागते, नाहीतर संध्याकाळची वाट पाहावी लागते.

आता अंतर. कागदपत्रात 'थ्रो रेशो' म्हणून एक आकडा देतात, स्वस्त यंत्रांत बहुधा १.२ ते १.४. चित्राच्या रुंदीला त्याने गुणले की भिंग भिंतीपासून किती दूर हवे ते कळते. १.२५ धरला तर ८० इंचासाठी २२१ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात फूट. १०० इंचासाठी २७६ सेंटिमीटर, म्हणजे नऊ फूट. त्यात डबा आणि मागची वायर यांसाठी एक फूट धरा. १० बाय १२ च्या खोलीत बारा फुटांच्या बाजूने १०० इंच बसते, दहा फुटांच्या बाजूने ओढाताण होते. यातल्या बहुतेक यंत्रांना खरा झूम नसतो. रिमोटवरचा झूम चित्र छोटे करतो, पण ते बिंदू गमावून.

फोनने नऊ जागी मोजा

सामान परत करण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. ही मोजणी पहिल्या रात्रीच उरकावी. अँड्रॉइड फोनमध्ये लक्स मोजणारे कोणतेही फुकट ॲप घ्या. पुढच्या कॅमेऱ्याजवळचा प्रकाशाचा सेन्सर ते वापरते. आयफोन तो सेन्सर ॲपना थेट वापरू देत नाही, तेव्हा घरातला अँड्रॉइडच घ्यावा. फोनच्या सेन्सरमध्ये २० ते ३० टक्के फरक पडू शकतो, पण २०० आणि १२,००० यांतला भेद कळायला तो पुरेसा आहे.

प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवा, पिक्चर मोड सर्वांत उजळ, कीस्टोन (तिरके चित्र चौकोनी करणारी सोय) शून्यावर, झूम १०० टक्के. पेनड्राइव्हमधून १९२० बाय १०८० ची कोरी पांढरी प्रतिमा लावा. चित्राची रुंदी आणि उंची टेपने मोजा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. फोनची पाठ भिंतीला टेकवा, सेन्सर भिंगाकडे, आणि आपण स्वतः उजेडाच्या आड येऊ नका. नऊ चौकोनांच्या मध्यावर एकेक आकडा लिहून घ्या. मग भिंगावर झाकण घालून खोलीतला उरलेला उजेड मोजा आणि तो प्रत्येकातून वजा करा.

समजा ८० इंचाच्या चित्रावर मध्यभागी १६८ लक्स आले, कडांच्या मध्यावर १२४, १३०, ११८, ११२ आणि कोपऱ्यांत ९६, १०२, ८८, ९४. बेरीज १,०३२, सरासरी ११५. गुणिले १.७६ चौरस मीटर, म्हणजे साधारण २०२ ल्युमेन. याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट दिसते: सर्वांत अंधारा कोपरा मध्याच्या ५२ टक्के आहे. सिंगल एलसीडीत असे चालते. ४० टक्क्यांच्या खाली गेले तर फुटबॉलच्या हिरव्या मैदानावर मधोमध उजळ गोल आणि कडेला सावली उघड दिसते.

खरे बिंदू किती

'१०८०पी सपोर्ट' आणि 'नेटिव्ह १०८०पी' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. नेटिव्ह म्हणजे आतल्या काचेवर खरोखर असलेले बिंदू. १९२० बाय १०८० चे २०.७ लाख होतात, १२८० बाय ७२० चे ९.२ लाख, ८०० बाय ४८० चे पावणेचार लाखांच्या आसपास. ४के चे ८३ लाख बिंदू या किमतीच्या एलसीडीत नसतात. तो सिग्नल आत घेऊन आकसून दाखवला जातो. लॅपटॉप जोडला आणि त्याने १९२० बाय १०८० दाखवले, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ७२०पी चे यंत्रही तो सिग्नल स्वीकारते.

खात्री करायची तर एक बिंदू काळा, एक पांढरा अशा उभ्या रेघांची १९२० बाय १०८० ची प्रतिमा लॅपटॉपवर कोणत्याही चित्रकामाच्या प्रोग्राममध्ये बनवा आणि एचडीएमआयने पूर्ण पडद्यावर लावा. लॅपटॉपचे स्केलिंग १०० टक्के, प्रोजेक्टरचे कीस्टोन शून्य. मग भिंतीजवळ जा आणि मध्यभागी फूटपट्टी धरा. ८० इंचाच्या चित्रात एक बिंदू ०.९२ मिलिमीटरचा असतो, म्हणून १० सेंटिमीटरमध्ये ५४ च्या आसपास पांढऱ्या रेघा मोजता यायला हव्यात. रेघांऐवजी करड्या रुंद लाटा दिसल्या, तर आतली काच कमी बिंदूंची आहे. रेघा मध्यभागी स्वच्छ आणि कोपऱ्यात चिकटलेल्या दिसल्या, तर काच खरी आहे पण भिंग हलके. स्वस्त यंत्रांत कोपऱ्यांचा थोडा पुसटपणा पत्करावा लागतो. एक बाजू स्पष्ट आणि समोरची बाजू अंधुक हे मात्र पत्करू नका. भिंग तिरके बसले आहे, बदलून मागा.

प्रतिमा तशीच ठेवून दोन तास चालू द्या. प्लास्टिकचे भिंग तापले की फोकस सरकतो. पहिल्या अर्ध्या तासात एकदा जुळवावा लागला तर ठीक. दर वीस मिनिटांनी उठावे लागत असेल तर सिनेमा बघताना जीव मेटाकुटीला येईल.

कीस्टोनविषयी गैरसमज फार आहे. यंत्र तिरके ठेवले की चित्र पतंगासारखे होते, आणि ऑटो कीस्टोन ते चौकोनी करते. करते म्हणजे आतल्या काचेवरच चित्र छोटे आणि उलट तिरके काढते. बिंदू वाया जातात, अक्षरे खडबडीत होतात, आणि काच प्रकाश पूर्ण अडवू शकत नसल्याने चित्राभोवती करडी चौकट राहते. अंधारात ती सतत डोळ्यांत भरते. शक्यतो यंत्रच भिंतीसमोर सरळ ठेवा. खाली बहुधा कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाव इंची स्क्रू बसतो. स्टँड किंवा मागच्या भिंतीवरची फळी यांनी काम भागते. कौलारू घरात वाशाला टांगण्याचा मोह होतो. एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालची हवा खालच्यापेक्षा बरीच तापलेली असते, आणि या यंत्रांची मर्यादा बहुधा ३५ ते ४० अंश असते. फळी खांद्याच्या उंचीवर बरी.

चित्र हलते तेव्हाही पाहा. बातम्यांच्या वाहिनीवर खाली धावणारी पट्टी वाचता येते का, लांब पासमध्ये चेंडूमागे शेपूट उठते का? स्वस्त एलसीडी काच संथ असते. गोव्यात प्रोजेक्टर घेणाऱ्यांपैकी बऱ्याच घरांत पहिला उपयोग फुटबॉलचा असतो, म्हणून ही परीक्षा चुकवू नये.

'स्मार्ट' किती स्मार्ट

खोक्यावर 'अँड्रॉइड' लिहिलेले असते तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, गुगलने तपासून मान्यता दिलेला 'गुगल टीव्ही'. दोन, कंपनीने स्वतः घडवलेली टीव्हीची प्रणाली, ज्यात नेटफ्लिक्स वगैरे ॲप परवान्यासह असू शकतात. तीन, कोणालाही फुकट मिळणारे मूळ अँड्रॉइड घेऊन त्यावर टीव्हीसारखा मुखवटा चढवलेला. दहा-बारा हजारांत बहुधा हा तिसरा प्रकार येतो.

त्याची लक्षणे सोपी आहेत. नेटफ्लिक्स उघडले की ते फोनचे ॲप निघते, रिमोटची बाणाची बटणे चालत नाहीत, माउससारखा बाण फिरवावा लागतो. चित्र ४८०पी वर अडकते. इंटरनेटचा वेग कितीही असो, हे सुधारत नाही. सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून वाहिन्या 'वाइडवाइन' नावाचे कुलूप वापरतात. त्याची एल१ पातळी यंत्रात असेल तरच एचडी मिळते, एल३ असेल तर नाही. 'डीआरएम इन्फो' नावाचे ॲप टाकले की पातळी दिसते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली 'प्ले प्रोटेक्ट' प्रमाणित आहे की नाही तेही कळते. फोनचा पडदा प्रोजेक्टरवर दाखवून पळवाट काढायला गेलात तर आवाज येतो आणि चित्र काळे राहते. कारण तेच कुलूप.

मान्यता नसलेल्या अँड्रॉइडचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने 'बॅडबॉक्स २.०' या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला. टीव्हीला जोडायचे स्वस्त बॉक्स, डिजिटल प्रोजेक्टर, गाडीतले पडदे अशा यंत्रांत विक्रीपूर्वीच, किंवा सुरुवातीला अनधिकृत दुकानातून ॲप घेताना, घातक प्रोग्राम शिरतो आणि तुमच्या घरचे इंटरनेट गुन्हेगारांच्या कामाला जुंपले जाते, असे त्यात म्हटले आहे. म्हणून अशा यंत्रात आपले मुख्य गुगल खाते घालू नका, बँकेचे ॲप तर नाहीच. राउटरमध्ये 'गेस्ट' वायफाय असते, त्यावर ते जोडा. 'सगळे सिनेमे फुकट' म्हणणारे ॲप आधीपासून भरलेले असेल, तर ते यंत्र घेऊच नये.

या सगळ्यावर एक साधा तोडगा आहे: यंत्राच्या हुशारीकडे दुर्लक्ष करा आणि एचडीएमआयला नामांकित कंपनीची मान्यताप्राप्त स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी पेनड्राइव्हएवढी कांडी) लावा. मग प्रोजेक्टरला वायफायच देऊ नका. स्टिकचा खर्च धरून बजेट करा: उजेड आणि नेटिव्ह काच चांगली असलेला 'बिनडोक' प्रोजेक्टर अधिक स्टिक, ही जोडी मंद उजेडाच्या 'स्मार्ट' यंत्रापेक्षा कितीतरी टिकाऊ ठरते. प्रणाली दोन-तीन वर्षांत जुनी होते, स्टिक बदलता येते, काच नाही. स्टिकला वीज प्रोजेक्टरच्या यूएसबीतून देऊ नका. तो पोर्ट पुष्कळदा अर्धाच अँपिअर देतो आणि स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. तिच्यासोबतचा अडॅप्टर वापरा. १०८०पी साठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस वेग सांगते, तेव्हा इंटरनेटची फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती कौलारू घरातल्या जाड चिऱ्याच्या भिंतींपलीकडे वायफाय न पोचण्याची.

'स्मार्ट टीव्ही' म्हटले तरी यांत टीव्हीचा ट्यूनर बहुधा नसतो. केबल किंवा डिशच्या वाहिन्या हव्यात तर सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडावा लागतो. स्टिक व बॉक्स दोन्ही लावायचे असतील, तर एचडीएमआयचे दोन पोर्टचेच यंत्र घ्या.

खारी हवा, ओल, किडे

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तीच भिंगावरही चढते. अंधार, कोंदटपणा आणि ओल मिळाली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. बाहेरचे भिंग पुसता येते, आतले फ्रेनेल नाही. म्हणून खरेदी करतानाच 'सील्ड ऑप्टिकल इंजिन' आहे का हे विचारा: एलईडीपासून भिंगापर्यंतचा मार्ग बंद डब्यात असतो आणि पंख्याची हवा त्यातून जात नाही. 'आयपी५एक्स' किंवा 'आयपी६एक्स' असा उल्लेख असेल तर पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो. आपल्याकडे या एका गोष्टीसाठी दोन-तीन हजार जास्त द्यावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

उघड्या इंजिनाच्या यंत्रात धूळ थेट काचेपर्यंत जाते. कळंगुट-कोलव्याकडे ती मिठासकट येते, डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात लाल मातीची. पांढऱ्या चित्रात हलत नसलेला ठिपका दिसला तर फोकस फिरवून पाहा. ठिपका चित्रासोबतच स्पष्ट होत असेल तर धूळ एलसीडीवर आहे. नेहमीच पसरट राहत असेल तर फ्रेनेलवर किंवा आरशावर. मधोमध पिवळसर किंवा जांभळट डाग उठून हळूहळू वाढत असेल तर ती धूळ नाही, पोलरायझर जळतो आहे. जाळी तुंबली, पंखा मंदावला किंवा यंत्र भिंतीला चिकटवून ठेवले की असे होते. हवेच्या जाळ्यांसमोर २० ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात.

पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने पिशवीत बंद ठेवणे सर्वांत वाईट. दोन-तीन दिवसांनी अर्धा तास तरी चालवा. आतली उष्णताच ओल घालवते. मग पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा निळे करा, स्वयंपाकाचा तवा मात्र नको. एसीच्या खोलीतून ओसरीवर आणले की थंड भिंगावर दव धरते. पाऊण तास तसेच राहू द्या, मग चालू करा.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पाखरे जमतात. अंधाऱ्या खोलीत सर्वांत तेजस्वी गोष्ट प्रोजेक्टरचे भिंग असते. ती तिथे आदळतात आणि जाळीतून आत ओढली जातात. खिडक्यांना जाळ्या नसतील तर त्या आठवड्यात खिडक्या बंद करून बघा. जाळीवर कापड बांधू नका, हवा अडते. उबदार डब्यात मुंग्या आणि लहान पाली घर करतात, म्हणून फळीवर कायम ठेवलेले यंत्र चालू करण्यापूर्वी एकदा उचलून पाहावे.

वीज जाते-येते त्या भागात सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट लावा. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लगसोबत डिशच्या बॉक्सची एचडीएमआय वायरही काढा, झटका तिथूनही येतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्ह असेल तरच चालवा. विजेचा खर्च किरकोळ आहे: ८० वॅटचे यंत्र रोज तीन तास म्हणजे महिन्याला ७.२ युनिट.

पडद्यासाठी महाग काही लागत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवरचा चुना जूनमध्ये फुगतो आणि चित्रात प्रत्येक पापुद्रा दिसतो. त्यापेक्षा पांढरे ब्लॅकआउट कापड वर-खाली दांडीत ताणून भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे टांगा, मागे हवा खेळू द्या. बेडशीट नको, अर्धा उजेड आरपार जातो.

आवाज आणि खरेदी

आतल्या ३ ते ५ वॅटच्या स्पीकरचा आवाज पंख्याच्या आवाजाशी झगडतो, आणि जुलैत पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की ऐकूच येत नाही. बाहेरचा स्पीकर ३.५ मिलिमीटरच्या वायरने जोडा. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. चवथीला अंगणात सगळ्यांसाठी लावणार असाल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, हे आधीच सांगून ठेवा.

३०,००० तास आयुष्य म्हणजे रोज तीन तासांनी २७ वर्षे. तो आकडा उजेड निम्मा होईपर्यंतचा, आणि फक्त एलईडीचा. त्याआधी पंखा, पोलरायझर किंवा मदरबोर्ड जातो. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा: सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे का, की कुरियरने पुण्या-मुंबईला पाठवायचे, आणि तो खर्च कोणाचा? खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, एमआरपी आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर वॉरंटी फक्त बोलण्यापुरती. अडॅप्टरवर बीआयएस या भारतीय मानक संस्थेचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष यंत्र यांत तफावत असेल आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तेव्हा नऊ जागी मोजलेल्या लक्सचा कागद, टेप धरलेल्या चित्राचा फोटो आणि रेघांचा फोटो जवळ असावा. खोके आणि आतला थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत कोरड्या जागी ठेवा; कुरियरला साध्या पुठ्ठ्यात गुंडाळून दिलेले यंत्र परत येते तेव्हा बहुधा भिंग आपल्या जागेवर राहिलेले नसते.